राखणदाराचे घर : पाट, तुरुंग आणि औंध

इमारतींचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा उंच गोष्टींकडे जाते. देवळांची शिखरे, किल्ल्यांचे बुरूज, वाड्यांचे दरवाजे, फार तर घाटांच्या पायऱ्या. त्या दरवाजाशेजारी किंवा घाटाच्या वरच्या अंगाला एखादी ठेंगणी, एकखणी खोली असते आणि तिच्यात कोणीतरी राहून बाकी साऱ्याची राखण केलेली असते. त्या खोलीची नोंद क्वचितच होते. कालव्याकाठच्या राखणदाराचे घर हा या दुर्लक्षित वास्तूंचा एक नमुना. त्याचा विचार करताना आम्हांला औंध संस्थानापर्यंत यावे लागले, आणि तेथे आल्यावर या घराविषयीचा प्रश्नच बदलून गेला. तो प्रश्न असा : राखण करणाऱ्याला घर कोण देतो, आणि ज्यांच्यापासून राखण करायची त्यांच्या घरापासून ते किती अंतरावर बांधतो?

या वास्तुप्रकाराला स्वतःचे रूप मिळाले ते इंग्लंडात, म्हणून प्रथम तिकडे पाहू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या प्रारंभी तेथे मालवाहतुकीसाठी कालव्यांचे जाळे विणले गेले. कोळसा, चुनखडी, धान्य लादलेल्या अरुंद नावा काठावरून चालणारे घोडे दोरखंडाने ओढीत. चढउताराच्या प्रदेशात पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागत. दोन्ही बाजूंना दारे असलेला हौद बांधून, त्यात पाणी भरून वा सोडून नाव वरखाली करीत. हेच ते लॉक. कालव्याचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडून एकेका तुकड्याची जबाबदारी एकेका माणसाकडे सोपवलेली असे. तुकड्याच्या त्या लांबीवरूनच त्याला लेंग्थ्समन हे नाव पडले. काठाला भोक पडले तर बुजवणे, गवत कापणे, दारे तपासणे, पाण्याची पातळी राखणे, ही त्याची कामे. बांध फुटला तर तो रात्रीच फुटणार. म्हणून माणूस काठावरच राहायला हवा. कालव्याच्या कंपनीने त्याला घर दिले ते या हिशेबाने.

या घरांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहेत ती वॉरिकशरमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्याच्या दक्षिण भागातली. हा भाग १८१२ ते १८१६ या काळात विल्यम व्हिटमोर या अभियंत्याच्या देखरेखीखाली झाला आणि शेक्सपिअरच्या गावी जाऊन एव्हन नदीला मिळाला. येथील राखणदारांच्या घरांना उतरते कौलारू छप्पर नाही. आडव्या ठेवलेल्या पिंपाचा अर्धा भाग भिंतींवर पालथा घालावा तशी विटांची कमान हेच त्यांचे छप्पर. याचे कारण सांगितले जाते ते असे : कालवा खोदणाऱ्या गवंड्यांना घरे बांधण्याचा सराव नव्हता, पूल बांधण्याचा होता. पुलाच्या कमानीखाली लाकडाचा जो तात्पुरता सांगाडा उभारतात तो त्यांच्याजवळ तयारच होता. तोच सांगाडा चार भिंतींवर चढवला, त्यावर विटा रचल्या, सांगाडा काढून घेतला आणि घर झाले. हे घर म्हणजे वस्तुतः पाण्यावरून उचलून जमिनीवर ठेवलेला पूल होय. ज्या हातांनी कालवा घडवला त्यांचे व्याकरण राखणदाराच्या डोक्यावर कायमचे कोरले गेले.

याच कालव्यावरचे लहान पूलही तितकेच बोलके आहेत. त्यांचे बिडाचे दोन अर्धे दोन काठांवरून पुढे येतात आणि मध्ये बोटभर फट ठेवून थांबतात. घोड्याला नावेपासून न सोडता त्याचा दोर त्या फटीतून पलीकडे जावा, एवढ्यासाठी ही योजना. काटकसर आणि उपयुक्तता यांतून सौंदर्य कसे नकळत उपजते, हे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे शिकता येते. साहित्याच्या विद्यार्थ्यालाही हे ओळखीचे वाटेल. ओवी जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते ती याच नियमाने.

आता दख्खनकडे वळू. येथे कालवा म्हणजे पाट, आणि पाट नावांसाठी नसतो. तो पिकांसाठी असतो. या एका फरकाने राखणदाराचे काम मुळातून बदलते. इंग्लंडच्या कालव्यातले पाणी आहे तेथेच टिकवायचे असते. आपल्या पाटातले पाणी वाटून संपवायचे असते. तेथे धोका घुशींचा, झिरपण्याचा, पुराचा. येथे धोका, म्हणजे निदान सरकारच्या लेखी धोका, शेजारच्या शेतकऱ्याचा. तहानलेल्या पिकाकडे पाहत तो रात्री कुदळ घेऊन येईल आणि बारे फोडील, ही भीती आपल्या कालव्यांच्या साऱ्या व्यवस्थेत मुरलेली आहे.

सातारा जिल्ह्यात कराडच्या वरच्या अंगाला खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून डाव्या काठाने काढलेला कृष्णा कालवा हा इंग्रजी अमलातल्या दख्खनमधल्या अगदी पहिल्या पाटबंधारे कामांपैकी एक. १८६०च्या दशकातले हे काम. त्यानंतर खडकवासल्याचे मुठा कालवे झाले, भाटघरच्या पाण्यावरचा नीरा कालवा झाला. १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा आला. या कायद्यातील एक तरतूद राखणदाराच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. पाणी अनधिकाराने घेतले गेले आणि घेणारा सापडला नाही, तर ज्यांच्या जमिनीवर ते वाहिले किंवा ज्यांना त्याचा लाभ झाला, त्या सर्वांकडून आकार वसूल करण्याची मुभा सरकारला होती. चोर सापडत नाही, तेव्हा भिजलेली जमीनच साक्षीदार आणि तीच आरोपी. अशा कायद्याच्या बाजूने काठावर उभा राहणारा माणूस, त्याला चौकीदार म्हणा की पाटकरी, गावाशी सोयरीक करून राहू शकत नव्हता.

पाटावरच्या चौकीची रचना या नात्यातूनच घडते. ती गावात नसते, पाटाच्या भरावावर असते, आणि जेथे मुख्य पाटातून चारी फुटते त्या दाराजवळ असते. काळ्या दगडाच्या चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, पुढे अरुंद पडवी, वर कौले. पडवीतून दार दिसले पाहिजे, म्हणजे चारीचे लोखंडी दार. घराच्या दाराला त्या मानाने महत्त्व कमी. स्वयंपाकाची चूल, देवाचा कोनाडा, पोरांची निजायची जागा हे सारे उरलेल्या जागेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळूरची यंत्रावर पाडलेली कौले सर्वत्र पसरू लागली. १८६५मध्ये बाझल मिशनने मंगळुरात त्यांचा पहिला कारखाना काढला होता. सरकारी बांधकामांना या कौलांनी एकसारखा लाल माथा दिला आणि गावच्या कुंभाराच्या थापीव कौलांपासून, धाब्यांपासून त्यांना वेगळे काढले. दुरून पाहणाऱ्याला माथ्यावरूनच कळे की हे घर गावाचे नव्हे, सरकारचे.

पाटावर आणखी एक प्रकारची इमारत असे : साहेबाचा तपासणी बंगला. उंच जोते, भोवती व्हरांडा, आंब्या-चिंचेची सावली, मागच्या बाजूला खानसाम्याची खोली. वर्षातले मोजके दिवस मुक्कामाला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी प्रशस्त बंगला आणि वर्षाचे सारे दिवस राहणाऱ्यासाठी चौकी, ही विषमता वास्तूच्या भाषेत इतकी उघड लिहिलेली आहे की तिच्यावर भाष्य करण्याची गरज नाही. एवढेच सांगावे की या दोन इमारतींमध्ये संशयाची एक साखळी होती. गावावर पाटकऱ्याची नजर, पाटकऱ्यावर मोजणीदाराची, मोजणीदारावर कालवा-निरीक्षकाची, आणि सर्वांवर बंगल्याची.

राखणदार माणूसच नको, ही कल्पनाही याच काळात जन्मली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडमीट होणारी दारे योजली आणि १९०३मध्ये ती खडकवासल्याच्या तलावावर बसवली. त्यांचा हेतू पुराचे पाणी सांडव्यावरून निर्धोक जावे आणि तलावात अधिक पाणी साठावे हाच होता. पण मानवी नात्यांच्या बाजूने पाहिले तर त्या दारांनी एक जुने स्वप्न साकार केले : न झोपणारा आणि कोणाचा मेहुणा नसणारा राखणदार.

याच महाराष्ट्रात राखणदाराला वेगळे घर न देणारी एक व्यवस्थाही होती, आणि ती इंग्रजांच्या कितीतरी आधीची. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर छोटे बंधारे घालून चालणारी फड पद्धत सर्वपरिचित आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पुढच्या वर्षी पिके फडाफडांतून फिरवायची. शेजारच्या वावरात तेच पीक, त्याच वयाचे, त्याच तहानेचे असले म्हणजे पाण्याची पाळी सगळ्या फडाला एकदम मिळते आणि चोरीचे निम्मे कारणच नाहीसे होते. पाणी फिरवणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारा हवालदार यांना शेतकरीच नेमीत आणि धान्याच्या रूपाने मोबदला देत. त्यांच्यासाठी पाटावर चौकी उभारण्याची या रचनेला गरज नव्हती. पाटकऱ्याचे घर गावात होते, आणि त्याने अन्याय केला तर दुसऱ्या दिवशी त्याला पारावर तोंड दाखवायचे होते. राखणदाराची वेगळी वास्तू नसणे हेच त्या व्यवस्थेचे वास्तुशिल्प होते.

पण येथे सावध राहायला हवे. गावच्या राखणदाराला गावातच घर असते, हे वाक्य ऐकायला गोड लागते. ते घर गावाच्या कोणत्या बाजूला असते, हेही विचारले पाहिजे. औंध संस्थानातल्या आटपाडीचे शंकरराव खरात यांनी आपल्या आत्मकथनाला ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे नाव दिले. तराळ म्हणजे गावकीची कामे करणारा महार. दवंडी, निरोप, सरकारी वसुलीची हाकाटी, रात्रीची राखण, मेलेल्या जनावराची विल्हेवाट, सारे त्याच्या माथी. गाव ज्याच्या जागरणावर निश्चिंत झोपत असे, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर होते. ही वतने मुंबई राज्यात १९५८च्या कायद्याने रद्द झाली, ती डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्ये विधिमंडळात या प्रश्नाला वाचा फोडल्यानंतर तीस वर्षांनी. तेव्हा अंतराचा प्रश्न इंग्रजांनी आणला असे म्हणून चालणार नाही. सरकारी चौकीचे अंतर संशयाचे होते, गावकुसाचे अंतर विटाळाचे. राखणदाराला जवळ करणे दोन्हीकडे अवघड गेले.

या पार्श्वभूमीवर औंधकडे पाहिले पाहिजे. औंध हे एकसंध संस्थान नव्हते. ७२ गावे, पण ती विखुरलेली : साताऱ्याच्या खटावात राजधानीचे औंध, माणदेशात आटपाडी, कृष्णाकाठच्या बाजूला कुंडल, आणि पार विजापूरकडे गुणदाळ. मधल्या सगळ्या जागेत इंग्रजी मुलूख. कृष्णेच्या खोऱ्यात कालव्याचे पाणी खेळत होते. आटपाडीचा भाग मात्र पर्जन्यछायेतला, माणगंगा वर्षाचा बराच काळ वाळूचीच. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) याच संस्थानी माणदेशात घडते. मेंढरांच्या मागे जगणारी वाडी, संस्थानाने धाडलेला कोवळा शिक्षक, गावाने श्रमदानाने उभी केलेली तालीम, तिच्या उद्घाटनाला आलेले खुद्द पंतसरकार आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारी वस्ती, हे सारे वाचकांच्या स्मरणात असेल. पाटच नाही तेथे पाटकरी कोठून येणार? पण राखणदार होताच, आणि त्याला कोठे राहू द्यायचे हा प्रश्नही होता. औंधने त्याचे उत्तर दोन ठिकाणी, दोन वेळा, जगावेगळे दिले.

पहिले उत्तर कुंडलच्या माळावरचे. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली जमीन दिली आणि १९१०मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. नांगर घडवणारा कारखाना, त्याच्याभोवती कामगारांची घरे, आणि पुढे मराठी वाचकांना घडवणाऱ्या मासिकांचा छापखाना. उजाड माळावरच्या या वसाहतीला रात्रीची राखण हवी होती. लक्ष्मणरावांनी त्या कामावर, इतरांबरोबर, शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. ज्यांच्यापासून जपायचे, त्यांच्याच हाती किल्ल्या दिल्या. जुन्या गावगाड्यातही चोरीच्या जबाबदारीवर रखवाली देण्याची रीत होती, पण ती जातीला चिकटलेली होती. येथे माणसाला पगार मिळाला, आणि वसाहतीतल्या चार माणसांसारखे वावरता आले. ज्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता, तेथे राखणदाराला कुसाबाहेर ठेवण्याचे कारणच उरले नाही.

दुसरे उत्तर आटपाडीजवळचे, आणि ते अधिक धाडसाचे. १९३९च्या जानेवारीत बाळासाहेबांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली स्वराज्य घटना जाहीर केली आणि गावपंचायतींच्या पायावर राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. या प्रयोगाचे कर्ते म्हणजे राजपुत्र अप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद. फ्रीडमन हे पोलंडात जन्मलेले अभियंते. बंगळूरच्या विजेच्या साहित्याच्या कारखान्यासाठी भारतात आले आणि येथलेच झाले. निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचा ग्रंथ ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने १९७३मध्ये इंग्रजीत आला, तो याच फ्रीडमन यांच्या हातून. १९३९ सालीच त्यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर.

तुरुंगाला ‘पूर’ हा प्रत्यय लावणे यातच अर्धी क्रांती आहे. कारागृह ही इमारत असते; पूर हे गाव असते. येथे कोट नव्हता. निवडक कैद्यांनी आपल्या बायकापोरांसह येथे राहायचे, शेती करायची, पिकवायचे, खायचे. एकांतकोठडीच्या जागी कुटुंबाचे घर आले. वास्तूच्या अंगाने पाहता हा बदल केवळ भिंत पाडण्याचा नाही. भिंतीचे काम दुसऱ्या कशाकडे तरी सोपवण्याचा आहे. तुरुंगाच्या भिंतीचे काम माणसाला जाऊ न देणे. ते काम येथे चुलीने करायचे होते, लावलेल्या रोपाने करायचे होते, पाटी-दप्तर घेऊन शाळेला जाणाऱ्या मुलाने करायचे होते. आणि राखणदार? भिंत नाही तेथे बुरूज नाही, बुरूज नाही तेथे वरून खाली पाहण्याची जागा नाही. त्याला कैद्यांच्याच पातळीवर, त्यांच्या घरांच्या शेजारी, शेजाऱ्यासारखे वावरावे लागले. पाटावरच्या चौकीत आणि गावकुसाबाहेरच्या घरात जे अंतर होते ते येथे जवळजवळ शून्यावर आले. राखणारा आणि राखला जाणारा यांची घरे एका ओळीत आली, हेच औंधचे या वास्तुप्रकाराला दिलेले योगदान.

या प्रयोगावरून जो चित्रपट निघाला त्याने एक बारीक पण महत्त्वाचा फेरफार केला, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७मध्ये आला, कथा ग. दि. माडगूळकरांची, जे स्वतः याच आटपाडी भागातल्या शेटफळ्याचे. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपटात सहा खुनी कैदी आणि एक ध्येयवादी जेलर ओसाड जमिनीवर राबतात. बायका मात्र गेलेल्या आहेत. प्रमुख स्त्री म्हणून येते ती खेळणी विकणारी चंपा. कैद्यांना बांधून ठेवते ते घर नव्हे, जेलरचे डोळे. पळून गेलेली पावले त्या डोळ्यांच्या आठवणीने परत वळतात, आणि जेलरच्या मृत्यूनंतरही डोळे मागे राहतात. चित्रपटाच्या नावातच हा हिशेब आहे : हात बारा, डोळे दोन.

नाट्याच्या दृष्टीने हा बदल समर्थ आहे यात शंका नाही. पडद्यावर डोळे दाखवता येतात. दैनंदिन संसाराचे संथ बंधन दाखवणे कठीण. परंतु विचाराच्या दृष्टीने ही परतीची वाट आहे. स्वतंत्रपूरने राखण डोळ्यांकडून काढून घराकडे दिली होती. चित्रपटाने ती पुन्हा डोळ्यांकडे दिली. हे डोळे वात्सल्याचे आहेत, पण आहेत वरचेच. पाटकऱ्यावर मोजणीदाराची आणि त्याच्यावर बंगल्याची नजर असणाऱ्या साखळीचेच हे उदात्त रूप होय. औंधच्या माणसांना जे सुचले ते याहून साधे आणि याहून अवघड होते : पाहणाऱ्याची गरजच कमी करायची, माणसाला परत येण्यासारखे काहीतरी द्यायचे. आज स्वतंत्रपूर बहुतेकांना चित्रपटाच्या द्वारे माहीत आहे. त्यामुळे एका चांगल्या माणसाच्या नजरेची कथा म्हणून ते लक्षात राहते, आणि एका घरबांधणीच्या निर्णयाची कथा म्हणून विसरले जाते.

१९४८मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले. गावपंचायतींची ती घटना इतिहासजमा झाली. स्वतंत्रपूर मात्र राज्याच्या कारागृह खात्याकडे जाऊनही टिकले, आणि कुटुंबासह राहण्याची मूळ कल्पनाही त्याबरोबर टिकली. संस्थानाच्या साऱ्या वास्तूंमध्ये यमाईचे देऊळ आणि १९३८मध्ये बांधलेले भवानी संग्रहालय पाहायला माणसे दूरदूरहून येतात, ते योग्यच आहे. पण बाळासाहेबांच्या राजवटीत उभ्या राहिलेल्या सर्वांत मौलिक वास्तूची यादी करायची तर तिच्यात आटपाडीजवळची ती बिनकोटाची घरेही असली पाहिजेत.

येथे इतिहासाने एक अनपेक्षित गाठ मारून ठेवली आहे. ज्या स्ट्रॅटफर्ड कालव्यापासून आम्ही सुरुवात केली, तो रेल्वे आणि मोटारींमुळे निरुपयोगी होऊन गाळाने भरला, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो कायमचा बुजवण्याचा प्रस्ताव पुढे आला. लोकांनी विरोध केला. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९६०मध्ये दक्षिण भाग ताब्यात घेतला आणि डेव्हिड हचिंग्ज यांच्या नेतृत्वाखाली तो उपसून काढला. १९६४च्या जुलैत राजमातेच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. उपसण्याचे काम केले ते हौशी स्वयंसेवकांनी, सैनिकांनी, आणि बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगातल्या कैद्यांनी. राखणदारांच्या त्या कमानदार घरांसमोरचा गाळ ज्यांनी काढला त्यांत स्वतः राखणीत असलेली माणसे होती. आटपाडी आणि वॉरिकशर यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण ज्यांना आपण कुंपणात ठेवतो त्यांच्या हाती सामायिक मत्ता सोपवली की ती मत्ताही वाचते आणि माणूसही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आला.

आज त्या इंग्रजी घरांपैकी एक, लोसनफर्डचे, लँडमार्क ट्रस्ट ही संस्था सुट्टी घालवणाऱ्यांना भाड्याने देते. राखणदाराच्या गरिबीचे रूपांतर पाहुण्यांच्या हौसेत झाले. पण छप्पर टिकले, आणि छपराबरोबर त्याची गोष्टही टिकली. आपल्याकडच्या पाटावरच्या चौक्यांना एवढेही भाग्य सहसा लाभत नाही. पाटाच्या कडेने प्रवास करताना कौले उतरलेल्या, दाराच्या चौकटी गेलेल्या, पिंपळाने भिंत उकललेल्या अशा चौक्या दिसतात. त्यांचे दगड सुबक आहेत, चुना अजून धरून आहे. त्यांचे कोणी राहिलेले नाही एवढेच.

आणि आता पाण्याचीच चाल बदलली आहे. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेवर बांधलेल्या बराजातून टप्प्याटप्प्याने पाणी उचलून सातारा, सांगली, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांना देणारी उपसा योजना १९९६मध्ये मंजूर झाली, आणि तिचे पाणी आटपाडीपर्यंत पोहोचले. खोडशीचा बंधारा आणि टेंभूचा बराज ही दोन्ही कराडच्या परिसरातली. पण पहिल्याचे पाणी उताराने जेथे जाईल तेथे गेले, आणि दुसऱ्याचे पाणी डोंगर चढून तेथे आले जेथे उतार त्याला कधीच नेणार नव्हता. यामागे नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकापासून आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदा आणि समन्यायी वाटपाची चळवळ यांचे बळ होते. जमीन किती आहे यावर पाण्याचा हक्क ठरू नये, तो कुटुंबाला मिळावा, ही त्या चळवळीची मागणी. आटपाडी तालुक्यात पाणी उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळांतून देण्याचा आग्रहही तिनेच धरला.

बंद नळाला काठ नसतो, म्हणून काठावरचे घरही नसते. फोडायला बारे नाही, कुदळ घेऊन येणारा नाही, पडवीतून पाहण्यासारखे काही नाही. विश्वेश्वरय्यांच्या स्वयंचलित दारांपासून सुरू झालेली वाट येथे पोहोचते. राखणदाराचे घर हा वास्तुप्रकार संपला, असे म्हणता येईल. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता तो प्रश्न संपत नाही. नळालाही झडप असते, झडपेलाही किल्ली असते, आणि किल्ली कोणाच्या तरी हातात असते. तो हात कोणाचा, त्याला कोणी नेमले, आणि संध्याकाळी तो कोणाच्या शेजारी जाऊन जेवतो, हे पाहिल्यावाचून कोणत्याही वाटपाला न्याय्य म्हणता येणार नाही. औंधने तुरुंगासाठी जे केले ते पाण्यासाठी करण्याची संधी त्याच मातीला आता मिळाली आहे. फडाच्या पाटकऱ्यासारखा तो हात गावाने नेमलेला असावा. तराळाच्या वाट्याला आलेले अंतर त्याच्या वाट्याला येऊ नये. आणि त्याचे घर सर्वांच्या घरांच्या ओळीत असावे.